दार वाजवणारा पाहिजे

(दिंडीच्या शतकपूर्ती सोहळ्यात द्वादशीच्या सकाळी केलेले भाषण. नातीने मोबाईलवरून ऐकून उतरवून घेतले.)



मी काही भाषण करणारा माणूस नाही. चौथी शिकलो आणि औताच्या मागे लागलो. कीर्तनाला उभं राहिलो की मागे टाळकरी असतात, चुकलो तर ते सांभाळून घेतात. आज मागे कोणी नाही, म्हणून पाय थोडे लटपटतात. विश्वस्त मंडळी म्हणाली, दिंडीला शंभर वर्षं झाली, बाबा, तुम्ही काहीतरी बोला. मी म्हटलं, शंभर वर्षांचा हिशोब लिहिणारे पुष्कळ आहेत. मी एका दाराची गोष्ट सांगतो. एका नाही, दोन दारांची. एक दार माझं होतं. दुसरं दार ज्याचं होतं तो आज आपल्यात नाही.

पण आधी आपल्या मुक्ताईचं दार सांगू द्या, कारण सगळी वाट तिथूनच निघते.

मंडळी, आळंदीला ज्ञानोबा माऊली एकदा रुसून झोपडीत जाऊन बसले आणि आतून ताटी लावून घेतली. ताटी म्हणजे आपल्या खळ्यावरच्या झोपडीला लावतो तसं झापाचं दार. कोणीतरी संन्याशाचं पोर म्हणून टाकून बोललं, ते मनाला लागलं. लागणारच. ह्या पोरांच्या बापाने संन्यास घेतला होता. गुरूला कळलं की घरी बायको आहे, तेव्हा गुरूनेच परत पाठवलं, जा, संसार कर. म्हणजे गुरू म्हणाला परत जा, आणि गाव म्हणालं परत येऊ नको. वाळीत टाकलं. आईबाप गेले, चार लेकरं मागे राहिली. अशा पोराने दार लावलं तर त्याचं काय चुकलं?

पण धाकटी बहीण दाराशी गेली. तिला काय कमी बोलणी खावी लागली होती? तीही त्याच घरातली. तिने दार तोडलं नाही, शेजाऱ्यांना गोळा केलं नाही, भावाला नावंही ठेवली नाहीत. बाहेर उभी राहून समजावत राहिली, ताटी उघडेपर्यंत. तेच ताटीचे अभंग. तुम्हाला पाठ आहेत, मी म्हणून दाखवत नाही. मी एवढंच सांगतो, ताटी आतून लागली होती आणि उघडायला माणूस बाहेरून यावं लागलं. ज्ञानोबांसारख्याला जर दाराशी माणूस लागलं, तर तुमची माझी काय कथा?

आता आपल्या खान्देशाचा म्हातारा घ्या. चांगदेव. तापी-पूर्णेच्या संगमावर त्यांनी तप केलं, त्यांच्या नावाचं गाव आहे, जुनं दगडी देऊळ आहे. महाशिवरात्रीला तुम्ही आम्ही सगळे तिथल्या यात्रेला जातो. चौदाशे वर्षं जगले म्हणतात. मरण आलं की प्राण वर चढवून बसायचे. एवढा मोठा योगी, पण ज्ञानोबांना पत्र लिहायला बसला आणि अडला कुठे? मायन्याला अडला! चिरंजीव लिहावं तर ज्ञानाने मोठा, तीर्थरूप लिहावं तर वयाने पोर. शेवटी कोराच कागद पाठवला.

मी ही कथा तीस वर्षं कीर्तनात सांगितली, आणि दर वेळी म्हणायचो, बघा, चांगदेवाला अहंकार होता. लोक हसायचे. पण आता म्हातारपणी मला त्यात दुसरं दिसतं. मायना म्हणजे काय हो? समोरचा माझा कोण, हे मायन्यात लिहितात. दादा, आई, मामा, सासरेबुवा. जो माणूस शेकडो वर्षं स्वतःच्या श्वासापाशीच बसला, त्याला समोरचा आपला कोण लागतो हेच कळेना. सिद्धी सगळ्या होत्या, नातं एकही नव्हतं. कोरा कागद पाहून मुक्ताई म्हणाली म्हणतात, एवढी वर्षं जगून हा कोराच राहिला. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानोबांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर लिहिलं, तीच चांगदेव पासष्टी. आणि शेवटी त्या म्हाताऱ्याने गुरू कोणाला केलं? चौदा-पंधरा वर्षांच्या मुक्ताईला. तीच मुक्ताई पुढे आपल्या तापीकाठी आली आणि शके १२१९ मध्ये, म्हणजे १२९७ साली, विजेच्या कडकडाटात इथेच गुप्त झाली. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं ते तिच्याच नावाने. दार उघडायला लावणारी माय आपल्या मुलखात विसावली आहे, हे आपलं भाग्य. पण भाग्य म्हटलं की जबाबदारीही आली.

आता माझं दार.

२०१७ साली बोंडअळी आली, तुम्हाला आठवतं. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. आठ एकर कपाशी होती माझी, वेचणीची मजुरीही निघाली नाही. सोसायटीचं कर्ज, वरून हातउसने. आणि त्याच हिवाळ्यात घरची गेली. चाळीस वर्षांचा संसार. कीर्तनाला जाताना माझं उपरणं घडी करून तीच हातात द्यायची. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी मळ्यातल्या खोपीत जाऊन राहिलो. पोराला सांगितलं, मी अनुष्ठानाला बसतो, कोणी येऊ नका. डबा बांधावर ठेवायचा आणि जायचं.

सात महिने, मंडळी. सात महिने मी बांधावरचा डबा घेतला आणि डबा आणणाऱ्याशी बोललो नाही. गावात नाव झालं, महाराजांना वैराग्य आलं. लांबून लोक हात जोडायचे. मला ते बरं वाटायचं, हे खरं सांगतो. पण आत काय चाललं होतं? माळ हातात असायची आणि डोक्यात कर्जाचे आकडे. पोथी उघडली की तेच पान. भिंतीवरचा वीणा उतरवलाच नाही. ज्याला लोक वैराग्य म्हणत होते तो राग होता. देवावर राग, पावसावर राग, गेलेल्या माणसावर राग. खोपीच्या मागे विहीर होती. एवढंच सांगतो, पुढचं तुम्ही समजून घ्या.

जेठ महिन्यात, वारी तोंडावर आलेली, आपले मृदंगवादक आले. समोरच बसलेत, नाव घेतलं तर रागावतील. खांद्यावर पखवाज, हातात कणकेचा गोळा. बांधावर बसले आणि म्हणाले, "भो, दार उघड. मी तुले उपदेश कराले नही उनू. माले टाळ धराले माणूस जोयजे." मी आतून बोललो नाही. ते तासभर बसले आणि गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. पखवाजाला कणीक लावली, एकटेच वाजवत बसले, गेले. तिसऱ्या दिवशी वाजवायला लागले आणि भजनी ठेका चुकवला. एकदा चुकवला, दोनदा चुकवला, चारदा चुकवला! माझ्याने राहवेना. मी आतून ओरडलो, "अरे, ठेका चुकतोय!" सात महिन्यांनी माझा आवाज निघाला तो हा. घसा असा बसला होता की मलाच ओळखू येईना. ते बाहेरून म्हणाले, "मंग तू ये आणि सांग, कोठे चुकना."

मी दार उघडलं. ते हसत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. चाळीस वर्षं ज्या माणसाचा ठेका कधी चुकला नाही, तो माझ्यासाठी तीन दिवस येत राहिला आणि शेवटी ठेका चुकवून बसला. त्या वर्षी मी वारीला चाललो. कर्ज तसंच होतं, दुःख तसंच होतं. पण दिंडीत चालताना पुढचा आपल्या पायाकडे पाहत नाही आणि मागचा आपल्याला थांबू देत नाही. महिनाभर असं चाललं की माणूस पुन्हा माणसात येतो.

हे झालं उघडलेल्या दाराचं. आता न उघडलेल्या दाराचं सांगतो. हे सांगायचं की नाही, यावर चार रात्री विचार केला. पण शताब्दीच्या ग्रंथात सगळं चांगलंच छापलं तर ते खोटं होईल.

आपल्या दिंडीत एक पाणीवाले बाबा होते. जुन्या मंडळींना माहीत आहेत. आयुष्यभर लोकांच्या शेतात सालदारकी केली, लग्न झालं नाही, पुढेमागे कोणी नाही. बावीस वर्षं दिंडीत पाण्याची सेवा केली. उन्हातून टँकरपर्यंत जायचं, हंडा भरायचा, दोनशे माणसांना पाणी पाजायचं आणि शेवटी स्वतः प्यायचं. गावकुसाच्या खोलीत एकटे राहायचे. वर्षातले अकरा महिने कोणी विचारायचं नाही, पण एक महिना त्यांना दोनशे जण "बाबा, पाणी" म्हणून हाक मारायचे. त्या एका महिन्यावर तो माणूस वर्षभर जगायचा. हे आम्हाला तेव्हा कळलं नाही.

२०२० साल आलं. मार्चात टाळेबंदी झाली. पायी वारी बंद. मानाच्या पालख्यांच्या पादुका मोजक्या माणसांनिशी एसटी बसने पंढरपूरला गेल्या. १ जुलैची आषाढी आपण सगळ्यांनी आपापल्या घरात केली. पोरांबाळांत केली, टीव्हीवर महापूजा पाहिली. पाणीवाल्या बाबांनी कुठे केली, कशी केली, कोणी विचारलं नाही. मीही नाही.

श्रावणात झड लागली होती. मी दोन दिवस त्यांच्या दारावरून शेतात गेलो. दार बंद होतं आणि दिवसा आत दिवा जळत होता. पहिल्या दिवशी मनात आलं, झोपले असतील. दुसऱ्या दिवशी मनात आलं, येताना हाक मारू. येताना पाऊस होता, मी डोक्यावर घोंगता घेऊन घाईने निघून गेलो. तिसऱ्या दिवशी शेजारणीने पोलीस पाटलांना बोलावलं. कडी तोडली. डॉक्टरांनी काय झालं ते सांगितलं, पण आम्हाला एवढंच कळलं की ज्याने बावीस वर्षं गावाला पाणी पाजलं, त्याच्या तोंडात शेवटचं पाणी घालायला कोणी नव्हतं. कोपऱ्यात वारीची पिशवी भरून ठेवलेली होती. धुतलेलं धोतर, बुक्क्याची डबी, टाळ.

मंडळी, माझ्यासाठी एक माणूस तीन दिवस बांधावर बसला. आणि मला पाच पावलं आत जाऊन दार वाजवायला झालं नाही. हे ओझं माझं आहे, ते मी कोणावर टाकत नाही.

त्याहून एक गोष्ट जास्त बोचते. मी तीस वर्षं कीर्तनात काय सांगत आलो? माणूस एकटा येतो, एकटा जातो, कोणी कोणाचं नाही. टाळ्या पडायच्या. बाबा पुढच्या रांगेत बसून मान डोलवायचे. आता वाटतं, ज्याला आधीच कोणी नव्हतं त्याला मी हे कशाला ऐकवत होतो? आणि ते खरं तरी आहे का? आलो तेव्हा सुईण होती, आई होती. जायचं म्हटलं तर चार खांदे लागतात. माणूस एकटा येतही नाही आणि त्याला एकटं जाऊही देऊ नये. तेव्हापासून ते वाक्य मी कीर्तनातून काढून टाकलं.

कोणी म्हणेल, मग एकांत वाईट का? साधुसंत डोंगरात गेले ते चुकले का? नाही. तुकोबाराय भंडारा डोंगरावर गेले, भामनाथाच्या डोंगरावर गेले. दुष्काळात बायको गेली, धंदा बुडाला, तेव्हा गेले. पण एक पाहा. धाकटा भाऊ कान्होबा शोधत शोधत त्यांच्यापर्यंत पोहोचला. आणि तुकोबा परत आले. परत येऊन काय केलं? आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, पडकं देऊळ बांधलं, कीर्तनाला उभे राहिले. ज्यांनी पैसे द्यायचे होते ते मोकळे झाले. एकांतात जे मिळालं ते गावात वाटलं. गायही रानात चरायला जाते, पण दूध द्यायला गोठ्यात येते.

आपल्या धुळ्याचंच पाहा. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तुरुंग म्हणजे सरकारने लावलेली ताटी. पण विनोबा गप्प बसले नाहीत. दर रविवारी एकेक अध्याय असं करत कैद्यांना गीतेचे अठरा अध्याय सांगितले, आणि आपल्या अमळनेरच्या साने गुरुजींनी ते लिहून घेतले. तेच आज घरोघरी गीता प्रवचने म्हणून वाचतात. भिंतीच्या आत सुद्धा एक बोलणारा आणि एक ऐकणारा मिळाला की तिथे सत्संग होतो.

तेच साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषणाला बसले, कशासाठी? देवाचं दार हरिजनांना उघडावं म्हणून. इथे तर देवळाच्या आतली माणसंच बाहेरच्यांना ताटी लावून बसली होती. चोखोबांपासूनची ती ताटी. गुरुजींनी दहा दिवस अन्न सोडलं तेव्हा ती उघडली.

म्हणून मी तीन गोष्टी वेगळ्या धरतो. एकांत वेगळा, कोंडून घेणं वेगळं आणि वाळीत टाकणं वेगळं. एकांतातून माणूस परत येतो, आणि आला की त्याची वाणी गोड झालेली असते, तो दुसऱ्याची विचारपूस करतो. कोंडून घेतलेला परत येत नाही आणि तो चिडलेला असतो, तिथे मुक्ताई होऊन जावं लागतं. आणि वाळीत टाकलेल्यापाशी तर आपणच माफी मागत जायचं, कारण ती कडी आपण लावलेली असते. गावात आजही वाळीत टाकलेले आहेत. नवरा गेलेली बाई आहे, कर्जबाजारी आहे, दारू सोडलेला आहे ज्यावर अजून कोणी विश्वास ठेवत नाही. त्यांना कोणी जा म्हणत नाही, पण ये असंही म्हणत नाही.

नातीने मला मोबाईलवर वाचून दाखवलं की २०१८ साली इंग्लंडच्या सरकारने लोकांचं एकटेपण पाहण्यासाठी मंत्री नेमला, आणि २०२१ मध्ये जपाननेही नेमला. मी तिला म्हटलं, बाळा, आपल्याकडे त्याला मंत्री लागत नाही, आपल्याकडे दिंडी आहे. ती पोरगी लगेच म्हणाली, "मग आबा, पाणीवाल्या बाबांच्या वेळी दिंडी कुठे होती?" मला उत्तर आलं नाही. आजही येत नाही. पण त्याच प्रश्नातून एक काम निघालं, ते सांगून मी बसतो.

दोन वर्षांपासून आपण दिंडीची वही ठेवली आहे. दर एकादशीला भजनाला कोण आलं, ते लिहायचं. जो आला नाही त्याच्या घरी द्वादशीला सकाळी दोघांनी जायचं, आणि तिथे जाऊन आल्याशिवाय पारणं सोडायचं नाही. हा नियम मोडायचा नाही. फोन केला, चालणार नाही. दारात उभं राहायचं, तोंड पाहायचं, घोटभर पाणी मागून प्यायचं. उपदेश करायचा नाही. कशाला आला म्हटलं, तर म्हणायचं, टाळ धरायला माणूस पाहिजे.

सगळीकडे गोड झालं असं नाही. एका घरी आम्हाला शिव्या मिळाल्या, पुढच्या द्वादशीला पुन्हा गेलो. एका म्हातारीने सांगितलं, मला कीर्तनाला यायचं नाही, पण तुम्ही येत जा. आम्ही जातो. एक तरुण पोरगा, नापिकीने खचलेला, तीन द्वादश्या दार उघडत नव्हता. आज तो मंडपाच्या त्या खांबाजवळ पाण्याच्या हंड्यापाशी उभा आहे. त्याच्याकडे वळून पाहू नका, लाजेल.

२०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू झाली, तेव्हा पाणीवाल्या बाबांची ती पिशवी आम्ही पाळीपाळीने खांद्यावर पंढरपूरला नेली. धोतर चंद्रभागेत भिजवलं. बुक्का विठोबाच्या पायी घातला. टाळ मात्र परत आणला. तो आता भजनाला रोज वाजतो.

आपण म्हणतो, विठोबा युगानुयुगं विटेवर उभा आहे. पण तो पंढरीत आला कशाला? रुक्मिणी रुसून दिंडीरवनात जाऊन बसली, तिला शोधत आला. म्हणजे आपला देवसुद्धा दार वाजवायलाच आला, मंडळी. पुंडलिकाने थांब म्हटलं, म्हणून थांबला.

शंभर वर्षं झाली. दुसऱ्या शंभरीत दिंडीच्या पताका वाढोत, राहुट्या वाढोत, सगळं वाढो. पण गावात दिवसा दिवा जळताना दिसला तर त्या दारावरून कोणी तसंच जाऊ नये. एवढं एक दान माझ्या पदरात टाका.

आज द्वादशी आहे. महाप्रसाद तयार आहे, वास येतोय, मला कळतं. पण कालच्या एकादशीच्या वहीत सहा नावं आली नाहीत. जोड्या पाडल्या आहेत. एक जोडी मी आणि आपले मृदंगवादक. आधी सहा घरं करून येऊ, मग पंगत बसेल.

बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर लेकराचं बोलणं समजून पोटात घाला.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम. मुक्ताई माय की जय. रामकृष्ण हरि.